मीनाचा नंबर

करंजपाडा, ता. पेठ
१४ ऑक्टोबर २०२४

चि. मीना,

मामाचा आशीर्वाद, आणि या वेळी माझ्या एकट्याचा नाही, अख्ख्या करंजपाड्याचा. फोन करायला खिंडीपर्यंत चढून गेलो होतो. तिथेही रेंज येई आणि जाई, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो. दहावीला माझा निबंध वर्गात वाचून दाखवला होता हे तुला सांगायला नको.

तुझी खो-खोची फायनल गावाने पाहिली. ज्या गावात मोबाइल लागत नाही तिथे पैसे भरायचं स्पोर्ट्स चॅनल घरोघर दिसलं. ते कोणामुळे दिसलं, हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही. तुमचं घर उंचावर, म्हणून तुमच्याच कौलावर डिशची छत्री, तुमच्याच पडवीत पेटी, आणि तिथून झाडाझाडावरून वायर. ज्यांच्याकडे टीव्ही नाही ते तुमच्या अंगणात बसले होते. तुझी आई तेवढी पुढे आली नाही, दाराआडून बघत होती. शेवटच्या डावात तू खांबापाशी सूर मारलास तेव्हा ती ओरडली, "पडली गं माझी पोर!" मी म्हटलं, "आक्का, पडली नाय. गडी बाद केला तिनं."

आणि नेमका त्याच वेळी तुझ्या छातीवर पांढरा आकडा झळकला. चांगला लांबलचक, शेवटी ३६०४. मंगळूने विचारलं, "सोमाभाऊ, ह्यो कसला आकडा?" एवढ्या माणसांत मला विचारलं म्हटल्यावर सांगणं भाग होतं. मी सांगितलं, "खेळाडूचा सरकारी नंबर हाय. लय मोठ्या खेळाडूलाच देत्यात." मग काय, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल, आणि सगळे टीव्हीचेच फोटो काढायला लागले. शाळेच्या मैदानावरच्या खांबावर पोरांनी खडूने तो आकडा लिहून ठेवलाय.

पेठच्या स्टँडसमोर तुझा फ्लेक्स लावला आहे. फोटो मंगळूच्या मोबाइलमधला, टीव्हीवरून काढलेला, तू हवेत आणि आकडा छातीवर. खाली तोच नंबर लाल अक्षरांत, मोठा करून घेतला. फ्लेक्सवाला म्हणाला, पुढाऱ्यांचे फोटो टाका, शोभा येते. मी म्हटलं, एकही नको. शुभेच्छुक म्हणून "समस्त ग्रामस्थ". माझं नावही टाकलं नाही. मला नावाची हौस नाही.

भाऊबीजेला ये.

तुझा,
सोमामामा

*

सातपूर, नाशिक
२६ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

पत्र वाचून हसले आणि मग थोडी रडलेही, कारण आई दाराआड उभी राहिली ते मला न सांगताच दिसलं. ती माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभालाही दाराआडूनच बघायची.

पण मामा, तो नंबर तू कुठून आणलास? माझ्या अंगावर सात होता. खेळाडूला सरकारी नंबर देतात हे मी तुझ्याकडूनच ऐकते आहे. सरकारी नंबर असता तर सरकारी पगारही सुरू झाला असता आणि मी इथे कारखान्यात बेअरिंगच्या खोक्यांना चिकटपट्ट्या लावत बसले नसते. तुला एखादी गोष्ट माहीत नाही असं गावात एकदा तरी कोणी ऐकलंय का?

आता खरी बातमी ऐक आणि आईला बसवून सांग. वनरक्षकांच्या भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर माझं नाव लागलं आहे. जागा एकच होती. आता फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी राहिली आहे. जानेवारीत त्यांचा दाखला गेला की मला हजर व्हायचं पत्र येईल. माझ्यावर कसली पडताळणी करणार म्हणा, मी तर मैदान, कारखाना आणि खोली याखेरीज कुठे गेलेच नाही.

आईला सांग, आता गार्डला घाबरायचं नाही. लाकडाची मोळी घेऊन येताना गार्डची मोटारसायकल वाजली की ती मला घेऊन करवंदीच्या जाळीत बसायची, माझ्या तोंडावर हात ठेवून. त्याच गार्डचे कपडे तिची पोर घालणार आहे. हे ऐकून ती काय म्हणते ते शब्द न बदलता लिही.

आणि एक काम. सातपूरच्या खोलीच्या पत्त्यावर तू माझ्या नावाने टीव्हीची पेटी घेतलीस, तेव्हा माझं मूळ आधार कार्ड नेलंस ते अजून तुझ्याकडेच आहे. ते पाठव. ती पेटी मी एकदाही पाहिली नाही, शहराच्या पत्त्यावर लवकर मिळते म्हणालास आणि मी सही केली. भाऊबीजेला सुट्टी मिळणार नाही. माझ्या वाटचा आईला नमस्कार.

तुझी,
मीना

*

करंजपाडा
१२ नोव्हेंबर २०२४

चि. मीना,

वनरक्षक! तुझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग आता मोळी कुणाला भिऊन आणायची?" शब्द बदललेला नाही. भाऊबीजेला तिने मला ओवाळलं आणि ताटात तुझ्या नावाचाही एक पेढा ठेवला.

आधार पाठवतो, कुठे ठेवलंय ते सापडलं की लगेच.

इकडे मोठीच गंमत झाली. निवडणुकीच्या आचारसंहितेत पेठच्या स्टँडवरचे सगळे फ्लेक्स उतरवले, वाढदिवसाचे, दहीहंडीचे, सगळे. आपला एकटा राहिला, कारण त्यावर पुढारी नाही. आता बघावं तिकडे तूच. एसटीतून उतरणारा प्रत्येक माणूस आधी तुला बघतो. माझी दूरदृष्टी म्हण हवं तर.

आणि त्याचंच फळ आलं. गेल्या आठवड्यात नाशिकहून एक साहेब आले. पांढरा शर्ट, पाठीवर बॅग, बोलायला गोड. स्टँडवर फ्लेक्सचे फोटो काढले, विचारत विचारत करंजपाड्यापर्यंत पोहोचले. म्हणाले, या मुलीची माहिती हवी आहे. मी लगेच ओळखलं, पेपरवाले. चहा पाजला, तुमच्या घरी नेलं. त्यांनी कौलावरची छत्री पाहिली, पडवीतली पेटी पाहिली, वायर कुठे कुठे जाते ते विचारलं. त्यांच्या मोबाइलमध्ये सगळं बोलणं घेतलं.

पेपरात छापायचं तर गोष्ट जरा रंगतदार हवी. केबल सोमा गावित चालवतो, हे कोण वाचणार? म्हणून मी सांगितलं, "साहेब, ही पेटी मीनाच्याच नावावर हाय. तिनंच गावाला टीव्ही दिला. शहरात कमावती, पण गावाला इसरली नाय." साहेबांनी दोनदा वदवून घेतलं. माझं नाव विचारलं तर मी म्हटलं, आम्ही काय, गावातली साधी माणसं. निघताना त्यांनी तुझ्या आईला नमस्कारही केला.

मी रोज पेठहून पेपर मागवतो. अजून आलेलं नाही. रविवारच्या पुरवणीत घेणार असतील.

तुझा,
सोमामामा

*

सातपूर
२ डिसेंबर २०२४

मामा,

पुरवणी आली. पोलिसांनी आणून दिली.

मी कामावरून आले तर खोलीवर हवालदार बसलेले आणि घरमालकीण दारात. माझ्या नावाची नोटीस. टीव्हीच्या कंपनीने तक्रार केली आहे की एका घरापुरती घेतलेली पेटी मी गावभर जोडली आणि कुलूपबंद चॅनल चोरून दाखवली. तुझे ते पांढऱ्या शर्टवाले साहेब पेपरचे नव्हते. अशी चोरी शोधून काढायचं त्यांना कंपनीने काम दिलं आहे.

आता तो आकडा काय आहे ते ऐक, कारण गावात तू सांगशील तेच खरं असतं. आकाशातून येणारी चॅनल कुलूप लावून येतात आणि पेटीतल्या कार्डाने ती उघडतात. प्रत्येक पेटीला तिचा तिचा नंबर. कंपनीला संशय आला किंवा मोठा सामना असला की ती मधेच तो नंबर पडद्यावर सोडते. ज्याच्या पेटीतून चित्र चाललंय त्याचाच नंबर तिथे दिसतो. कोणी चोरून दाखवत असेल तर पडद्याचा एक फोटो पुरतो. चोर शोधायला कंपनीची माणसं गावोगाव हिंडतात, मामा. आपण आपला नंबर लाल रंगात मोठा करून एसटी स्टँडवर लावला. साहेब पेठला दुसऱ्याच कामाने आले होते. एसटीतून उतरले आणि समोर मी.

ठाण्यातल्या फौजदार मॅडम माणूस म्हणून बऱ्या आहेत. म्हणाल्या, "तुझं वय बघून वाटत नाही तू हे केलंस. पण कार्ड तुझ्या नावावर, छत्री तुझ्या घरावर, आणि तुझ्याच गावचा माणूस रेकॉर्डिंगमध्ये सांगतोय की हे तूच दिलंस." मी तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, नुसतं नाव सांगून भागत नाही, आरोपी नातेवाइकाचं नाव नेहमीच सांगतात. मामाला घेऊन ये. पेटी मी चालवतो, भाचीचं फक्त आधार वापरलं, एवढं त्याने कबूल केलं तर तुझं नाव साक्षीदारांत जाईल आणि तुझ्या दाखल्यावर काही येणार नाही.

माझी पडताळणी जानेवारीत आहे. जागा एकच आहे आणि माझ्या खाली प्रतीक्षा यादीत एक मुलगी आहे. आरोपी म्हणून नाव राहिलं तर ती जागा तिची.

तू ये. पहिल्या गाडीने ये. मी सुट्टी टाकून स्टँडवर उभी राहते.

मीना

*

करंजपाडा
११ डिसेंबर २०२४

चि. मीना,

तुझं पत्र वाचून दोन घास गेले नाहीत. पण तू शब्द फार कडक लिहितेस. शहरात राहून माणसाची जीभ अशी होते.

मी यायला निघालो होतो. पण भाताची झोडणी चालू आहे, त्यात अंगात ताप. शिवाय एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. आधी पेटी माझ्याच नावावर होती. ती पकडली गेली आणि मी लिहून दिलं की पुन्हा करणार नाही. आता दुसऱ्यांदा सापडलो तर मला सरळ आत घालतील. तुझं तसं नाही. तुझा पहिलाच गुन्हा, त्यात मुलगी, त्यात खेळाडू. समज देऊन सोडतील. साहेब लोकांना खेळाडूंचं कौतुक असतं.

तू असं सांग की पेटी चोरीला गेली होती. किंवा सांग की गावाच्या प्रेमापोटी केलं. पोटासाठी केलं आणि प्रेमासाठी केलं यात कायदा फरक करतोच.

माझ्यावर रागावण्याआधी एवढं आठव. तुझा बाप गेला तेव्हा तू चौथीत होतीस. तुझे पहिले बूट, जिल्ह्याच्या स्पर्धेचं गाडीभाडं, वसतिगृहाची पेटी आणि गादी, हे सगळं केबलच्याच पैशातून आलं. तेव्हा तू विचारलं नाहीस की मामा, हे चित्र कोणाचं चोरलंस.

साहेबांनी पेटी नेली. सगळे टीव्ही बंद आहेत. लोक माझ्याशी नीट बोलत नाहीत. बायका विचारतात मालिकेत पुढे काय झालं, जसं काही ती मीच लिहितो. एवढ्या वर्षांची माझी गावातली पत गेली, ते दुःख तुला कळणार नाही.

सोमामामा

*

करंजपाडा
१८ डिसेंबर २०२४

माझ्या लाडक्या मीनास आई कुसाबाईचा आशीर्वाद.

मी सांगते आहे आणि सोमा लिहितो आहे. पोरी, मला सगळं कळलं. मला रात्रंदिवस चैन नाही. पण सोमा माझ्या पाठचा भाऊ आहे. तुझा बाप गेल्यावर त्यानेच आपल्याला आधार दिला. तो तुरुंगात गेला तर माझं माहेर बुडेल आणि मी गावात तोंड दाखवू शकणार नाही.

तू तरुण आहेस. नोकरी आज नाही तर उद्या मिळेल, परंतु गेलेला मान परत मिळत नाही. म्हणून तुझ्या आईची एवढीच इच्छा आहे की तू हे आपल्या अंगावर घे आणि सोमाला यात ओढू नकोस. तू माझं ऐकशील अशी मला खात्री आहे. माझ्या दुधाची शपथ आहे. या विषयावर मला पुन्हा काही विचारू नकोस, मला फार त्रास होतो.

तुझी आई,
कुसाबाई बहिरू भोये
(निशाणी: डाव्या हाताचा आंगठा)

*

सातपूर
६ जानेवारी २०२५

मामा,

आईचं पत्र मी कितीदा वाचलं ते तुला सांगत नाही. आधी मला वाटलं, हे तूच बनवलं आहेस. "परंतु" हा शब्द माझ्या आईने जन्मात वापरलेला नाही. पण खाली आंगठा होता, आणि त्यावर विळ्याने कापल्याची आडवी रेघ होती. ती रेघ मी ओळखते. त्या आंगठ्याने तिने माझे डोळे पुसले आहेत. शब्द तुझे असतील, पण म्हणणं तिचं आहे असं मी धरलं.

सही करून आले. पेटी माझी, गावाला मीच जोडून दिली, मामाचा काही संबंध नाही. फौजदार मॅडमनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "कुणाला वाचवतेस? विचार कर, यानंतर मला काही करता येणार नाही." मी म्हटलं, आईने सांगितलंय. त्यांनी पेन परत उचललं. मी खरं बोलायला हवं होतं, पण शपथ घातलेली.

काल वन खात्यातून कळलं, माझं नाव काढलं. ती प्रतीक्षा यादीतली मुलगी रडत रडत माझे आभार मानायला आली होती. तिला वाटतं मी जागा सोडली.

माझा राग तुझ्यावर नाही, असं लिहिणार होते. पण खोटं एकदाच पुरे झालं. राग आहे. तुझ्यावर आहेच, पण त्याहून आईवर आहे, आणि तो मला सहन होत नाही. तिने भाऊ निवडला. खुशाल निवडावा. तिला सांग, पोरीने ऐकलं. एवढंच सांग, दुसरं काही तिच्या कानावर घालू नकोस. आणि माझं आधार अजून आलेलं नाही.

मीना

*

करंजपाडा
२० जानेवारी २०२५

चि. मीना,

तू आपल्या घराण्याचं नाव राखलंस. तुझ्यासारखी भाची प्रत्येकाला मिळो. तुझा निरोप तुझ्या आईला दिला, तिने डोळ्याला पदर लावला आणि समाधान पावली.

ती आता द्राक्षांच्या कामाला बायकांबरोबर पिंपळगावला गेली आहे. मार्चपर्यंत तिथेच. तू तिकडे जाऊ नकोस असं मी सुचवतो. तिला पाहून तुझे डोळे भरतील, तुला पाहून तिचे, आणि मुकादम ओरडेल. काही निरोप असला तर मला लिही.

एक चांगली गोष्ट. गावातले टीव्ही परत चालू झाले. कसे ते विचारू नकोस, देवाची कृपा. लोक पुन्हा हसून बोलतात.

तुझा,
सोमामामा

*

पिंपळगाव बसवंत
९ फेब्रुवारी २०२५

मीनाताई, नमस्कार. मी राखी, इथल्या पॅकहाउसमध्ये तुमच्या आईच्या टेबलावर आहे. मावशी म्हणाल्या, मी बोलते तसंच लिही, शाळेतल्यासारखं करू नको. म्हणून त्या बोलल्या तसंच लिहिते.

"मीना, माझे बाय, कशी हाय तू? तुझी खुशाली सोमा सांगतो, पर त्यानं सांगितलेलं पोटात उतरत नाय. म्हनून ह्या पोरीला गळ घातली. तुझ्या जुन्या कारखान्याचं नाव मला पाठ हाय, तिथंच पाठव म्हटलं, ते पुढं धाडतील.

खाकी कपडे शिवले का? अंगावर बसले का? सोमा म्हनला, मीना नोकरीला लागली, टरेनिंगला गेलीय, तिथं पत्र बी जात नाय नि फोन बी नाय. मी म्हटलं, जाऊ दे, साहेबीण झाली पोर. हितं मी समद्या बायांना सांगितलंय, माझी मीना फारेस्ट गार्ड हाय. मुकादमीन मला आता चांगली जागा देते, दाराजवळची, वारा येतो तिथं.

तुझ्या टरेनिंगला जायच्या आधी सोमा कागद घेऊन आलेला. म्हनला, आक्का, पोरीला आशीर्वाद लिहितो, आंगठा कर. मी इचारलं, काय लिहिलं? तर म्हनला, तुझं सोनं होवो, आईची माया हाय, आसं. मी म्हटलं, चांगलं लिहिलंस बाबा. नि लय दाबून आंगठा केला, तुला नीट दिसावा म्हनून. तुला पोचलं का ते? तू काय उत्तर दिलं नाय.

मंग हितं यायच्या आधी त्यानं मला पेठला नेलं. नव्या पेटीवर माझं नाव लागतं म्हनला. यंतरावर आंगठा ठेवला, हिरवा दिवा लागला. पेटी आपल्याच पडवीत हाय. घरात मानूस नाय नि टीव्ही गावभर चालू. पयल्या पेटीचं काय झालं, ते मला कोनी सांगत नाय. तू सांगशील?

द्राक्षं लय गोड हायेत औंदा. पर खाऊ देत नाय."

ताई, मावशी तुमच्या पत्राची रोज वाट बघतात. तुम्ही लवकर उत्तर पाठवा. पत्र मी वाचून दाखवीन, एक शब्द गाळणार नाही.

राखी

*

पिंपळगाव बसवंत
१६ फेब्रुवारी २०२५

सोमा,

हे पत्र मी, कुसाबाई, सांगते आणि मीना लिहिते. तू लिहायचास तसं नाय. मी सांगते तेच ती लिहिते, आणि लिहून झालं की मला वाचून दाखवते.

पोरगी पत्राचं उत्तर पाठवायचं सोडून स्वतःच आली. शेडच्या दारात उभी राहिली, अंगावर तेच जुने कपडे. मी तिच्या मागं बघितलं, खाकी कुठं हाय म्हणून. बायांना मी ओरडून सांगितलं, "बघा, माझी साहेबीण आली." तिनं खिशातून कागद काढला आणि म्हणाली, "आई, हे तू सांगितलंस?" नि वाचून दाखवलं. दुधाची शपथ आली तेव्हा मी खाली बसले.

सोमा, मी तुला काय कमी केलं होतं रे? आई मेली तेव्हा तू रांगत होतास. मी तुला पाठीवर बांधून लावणीला जायची. तू मला बोलला असतास, आक्का, मी चुकलो, मला वाचव, तर मी स्वतः पोरीच्या पाया पडले असते. तिला सांगितलं असतं, जाऊ दे तुझी नोकरी. खरंच सांगितलं असतं, एवढी मी तुझ्यासाठी वेडी होते. तू मला तेवढंही इचारलं नाय. माझा आंगठा नेलास नि माझं तोंड घरी ठेवलंस.

एवढे दिवस माझी पोर समजत होती की आईनं तिला टाकलं. मी समजत होते की साहेबीण झाल्यावर पोरगी मला इसरली. दोघी हितं एका गाडीच्या अंतरावर, नि तू मधी बसून दोघींना एकमेकींची खुशाली कळवत होतास. पेटी नेली, नोकरी नेली, ते मी एकदाचं गिळलं असतं. हे गिळवत नाय.

मीनानं मला आकड्याचं समजावून सांगितलं. आता गावातल्या पडद्यावर जो आकडा येईल तो माझा. पुन्हा कोणी साहेब येईल नि तू त्याला चहा पाजून सांगशील, कुसाबाईनं गावाला टीव्ही दिला. मीना म्हणाली, "आई, तक्रार करायची तर ती तुझ्यावरच होईल." आधी तू तिच्या मागं लपलास, आता माझ्या. म्हणून ती गप्प बसणार होती. मी तिला म्हटलं, "माझ्या नावावर हाय ना? मंग मीच जाते."

काल मुकादमाकडून खाडा घेतला नि आम्ही सातपूरला गेलो. मी त्या फौजदार बाईला सांगितलं, पेटी माझ्या नावाची हाय, माझ्याच घरात हाय, नि ती चालवतो माझा भाऊ सोमा गावित. पयलीबी त्याचीच. पोरीनं माझ्या शपथेपायी खोटं सांगितलं, नि ती शपथ मी घातलीच नव्हती. तुझी पत्रं मीनानं टेबलावर ठेवली. तुझं अक्षर चांगलं हाय म्हणाली ती बाई. तिनं ते वाचलं, मग माझा जबाब लिहिला नि तो मला वाचून दाखवला, मी न सांगता.

मी इचारलं, पोरीची नोकरी परत मिळंल का? बाई म्हणाली, नाय. गुन्ह्यातून तिचं नाव निघंल, पर ती जागा भरली. मी म्हटलं, बरं. हितं परत येताना मीना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. मला वाटलं झोपली. पर ती जागी होती.

तुला न्यायला ते येतील. पळून जाऊ नको, भाताची झोडणी राहील, नि तुला ताप बी येतो. जेवण करून बस.

पेठचा तो फ्लेक्स मीनानं उतरवून आणला. पोरीचा फोटो हाय म्हणून मी फेकला नाय. हितं आमच्या झोपडीवर टाकला, दव गळतं म्हणून. चित्र आतल्या अंगाला केलंय. आडवी पडले की वर बघते, पोर हवेत हाय नि छातीवर आकडा.

औंदा भाऊबीजेला येऊ नको. पुढं कवा बोलवीन ते मला ठाऊक नाय. बोलवीन का, तेबी ठाऊक नाय.

ह्या पत्राखाली आंगठा नाय. मीना म्हणाली, कर, म्हणजे मामाला खरं वाटेल. मी म्हटलं, नको. तो मी काल उठवला, नि आधी काय लिहिलंय ते ऐकून उठवला.

तुझी आक्का,
कुसाबाई